पृथ्वी एवढी तापलेली असताना जीव निर्माण कसा झाला?

तुम्ही विचारलंय: ‘सुरुवातीची पृथ्वी भयंकर तापलेली होती म्हणतात. पाणी उकळलं की जंतू मरतात. मग त्याच उष्णतेने जीव निर्माण व्हायला मदत केली, असं शास्त्रज्ञ कशाच्या आधारावर म्हणतात?’

शंका रास्त आहे, आणि ती या विषयातल्या दिग्गजांनीही घेतली आहे. वायूंच्या मिश्रणात ठिणग्या पाडून १९५३ साली अमिनो आम्लं (प्रथिनांचे घटक) तयार करून दाखवणारे स्टॅन्ली मिलर हे, समुद्रतळाच्या उकळत्या झऱ्यांत जीव जन्मला, या कल्पनेचे कडवे विरोधक होते. त्यांनी आणि मॅथ्यू लेवी यांनी १९९८ मध्ये मोजून दाखवलं की आरएनए या डीएनएसारख्याच साखळी-रेणूतला सायटोसिन हा घटक १०० अंश सेल्सिअसला १९ दिवसांत निम्मा नष्ट होतो. ॲडेनिन हा दुसरा घटक साधारण वर्षभरात. म्हणजे नुसतं गरम पाणी जीवाचे घटक तयार होण्याआधीच ते संपवत जाईल. इथपर्यंत तुमचं बरोबरच आहे.

पण ‘उष्णता’ या शब्दात आपण दोन गोष्टी एकत्र करतो. एक म्हणजे वस्तू किती गरम आहे. दुसरी म्हणजे उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे वाहते आहे का. धरणात पाणी कितीही साठलेलं असो, ते खाली पडल्याशिवाय वीज तयार होत नाही. तसंच इथे काम करतो तो तापमानातला फरक.

असा फरक तेव्हाच्या पृथ्वीवर पावलोपावली होता. ती कायम लाव्ह्याचा गोळा नव्हती. ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये सापडलेले झिरकॉन या खनिजाचे कण सुमारे ४४० कोटी वर्षांपर्यंत जुने आहेत आणि त्या काळाच्या आसपासच पृथ्वीवर पाणी होतं, असं त्यांतल्या ऑक्सिजनच्या समस्थानिकांवरून (कमी-जास्त वजनाच्या अणूंच्या प्रमाणावरून) दिसतं. सूर्य आजच्यापेक्षा २५-३० टक्के मंद होता. उलट पोटातली उष्णता जास्त होती: ४०० कोटी वर्षांपूर्वी युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियमच्या किरणोत्सारातून मिळणारी उष्णता आजच्या तिप्पट-चौपट असावी. खालून तापलेला खडक, वर पाणी, आणि मधे असंख्य भेगा.

या भेगाच मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटतात, म्हणून त्यांच्यावर जरा जास्त लिहिते. जीवाच्या उगमातली मोठी अडचण आहे पातळपणाची. अख्ख्या समुद्रात थोडे रेणू विखुरले, तर ते एकमेकांना भेटणार कधी? आता केसापेक्षा थोडी रुंद, पाण्याने भरलेली उभी भेग घ्या. तिची एक भिंत गरम, दुसरी थंड. पाण्यात विरघळलेले पदार्थ अशा वेळी बहुधा थंड बाजूकडे सरकतात. हे कार्ल लुडविग यांनी १८५६ मध्ये आणि शार्ल सोरे यांनी १८७९ मध्ये नोंदवलं होतं. त्याच वेळी गरम भिंतीलगतचं पाणी वर चढतं आणि थंड भिंतीलगतचं खाली उतरतं. थंड बाजूला गेलेले रेणू त्या उतरत्या प्रवाहात सापडतात आणि तळाशी साचत राहतात. कुणी गाळत नाही, कुणी ढवळत नाही.

म्युनिकच्या विद्यापीठात डीटर ब्राउन यांचा गट वर्षानुवर्षं हेच तपासतो आहे. २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये त्यांनी दाखवलं की अशा भेगांमधून वाहणारी उष्णता अमिनो आम्लं, न्यूक्लिओटाइड (आरएनए-डीएनएच्या साखळीचे दुवे) वगैरे ५० हून अधिक घटक एकमेकांपासून वेगळे करते, कारण प्रत्येकाची सरकण्याची चाल थोडी निराळी असते. भेगा एकमेकींना जोडलेल्या असतील तर घटकांचं आपसातलं प्रमाण हजार पटींपर्यंत बदलतं. ग्लायसिन या अमिनो आम्लाचे दोन रेणू जोडण्याच्या प्रयोगात या वेगळं होण्यामुळे उत्पादन सुमारे एक लाख पटींनी वाढलं. प्रयोगशाळेत शुद्धीकरणाचं काम किती किचकट असतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे वाचून थक्क व्हायला होईल. मला झालं.

माझं रोजचं काम पीसीआरचं, म्हणजे यंत्रात डीएनएच्या प्रती वाढवण्याचं आहे, त्यामुळे दुसरी गोष्ट तर फारच जवळची वाटते. डीएनएची प्रत काढायची तर आधी त्याचे दोन धागे सुटे करावे लागतात, त्यासाठी ९५ अंशांच्या आसपास तापवावं लागतं. मग नवा धागा जुळायला थंड करावं लागतं. यंत्र हे चक्र पुन्हा पुन्हा फिरवतं. भेगेतलं फिरणारं पाणी तेच करतं: गरम भिंतीपाशी धागे सुटतात, थंड भिंतीपाशी जुळतात. ब्राउन आणि अल्बर्ट लिबशाबर यांनी २००३ मध्ये नुसत्या अभिसरणावर, म्हणजे पाण्याच्या अशा फिरण्यावर, डीएनएच्या प्रती वाढवून दाखवल्या.

याहून सुंदर निष्कर्ष २०१५ चा आहे. त्याआधी १९६७ मध्ये सॉल स्पीगलमन यांच्या प्रयोगात आरएनएला एका परीक्षानळीतून दुसरीत नेत वाढवत गेल्यावर ७४ व्या खेपेपर्यंत त्याचा ८३ टक्के भाग गळून गेला होता, कारण आखूड साखळीची प्रत लवकर निघते. असंच चाललं असतं तर गुंतागुंतीचा जीव कधीच उभा राहिला नसता. ब्राउन यांच्या गटाने पाणी वाहत जाणाऱ्या तापलेल्या भेगेत पाहिलं तर उलटं घडलं. लांब साखळ्या तळाशी जास्त घट्ट अडकल्या आणि टिकल्या. आखूड वाहून गेल्या.

उष्णतेचे इतरही मार्ग आहेत. ज्वालामुखी प्रदेशातल्या उथळ डबक्यांत पाणी आटतं, पुन्हा भरतं. आटताना रेणू जवळ येतात आणि पाणी बाहेर टाकून जोडले जातात. सुधा राजमणी, डेव्हिड डीमर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये मेदद्रव्यांच्या सोबतीने अशाच ओल्या-सुक्या चक्रांतून आरएनएसारख्या साखळ्या मिळवल्या, आणि राजमणी यांची पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेतली प्रयोगशाळा आजही याच विषयावर काम करते. समुद्रतळाच्या पक्षालाही २००० मध्ये अटलांटिकमध्ये सापडलेल्या ‘लॉस्ट सिटी’ या गरम झऱ्यांच्या जागेने बळ दिलं. तिथलं पाणी ४० ते ९० अंशांचं, अल्कधर्मी आणि हायड्रोजनयुक्त आहे. मिलर यांचा आक्षेप समुद्रतळावरच्या ३५० अंशांच्या ‘काळ्या धुरांड्यां’ना (काळं पाणी ओकणाऱ्या झऱ्यांना) जितका लागू पडतो, तितका याला पडत नाही. तरी माझा कल जमिनीवरच्या किंवा उथळ पाण्याखालच्या भेगांकडे आहे, कारण साचणं, निवडणं आणि सुकणं या तिन्ही गोष्टी तिथे जवळजवळ घडू शकतात.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. प्रती काढण्याच्या त्या २००३ आणि २०१५ च्या प्रयोगांत धागा जोडणारं विकर (एन्झाइम) आजच्या जिवाणूंकडून घेतलेलं होतं. ४०० कोटी वर्षांपूर्वी ते नव्हतं. त्या विकराशिवाय आरएनएने स्वतःची प्रत कशी काढली असेल, यावर सध्या सगळ्यात जोमाने काम चालू आहे.