मागचा अ‍ॅक्सल बदलून डिस्क ब्रेक बसवताना

साताऱ्यात हे काम करून देणारे चांगले कारागीर मिळतील. मात्र ट्रक गॅरेजमध्ये लावण्यापूर्वी आरटीओकडून परवानगी घ्या, कारण 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 अशा फेरफारांवर बंधने घालते.

अ‍ॅक्सलवरच्या पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) बैठका आधी वेल्डिंगच्या नुसत्या टाक्यांवर धरा आणि गाडी चाकांवर उभी करून पिनियनचा (प्रोपेलर शाफ्ट जोडला जातो त्या अ‍ॅक्सलमधल्या छोट्या गिअरचा) कोन मोजल्यावरच पक्के वेल्डिंग करा. कोन चुकला की प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस (फिरते सांधे) लवकर जातात.

खरी काळजी हायड्रॉलिक लाइनची घ्यावी लागते. ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राखणारा व्हॉल्व्ह अनेकदा मास्टर सिलिंडरमध्येच (पेडल दाबल्यावर लाइनमध्ये दाब तयार करणाऱ्या भागात) असतो. तो तसाच राहिला, तर पॅड डिस्कला घासत राहतात आणि खंबाटकी घाट गाठेपर्यंत डिस्क चटका बसण्याइतकी तापते. कॅलिपरचा (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा) ब्लीडिंग निपल, म्हणजे हवा काढण्याचा स्क्रू, वरच्या बाजूलाच आला पाहिजे, अन्यथा हवा आत अडकून पेडल स्पंजासारखे दबते. मागच्या ड्रममधून चालणारा हँडब्रेक ड्रमबरोबरच जातो, त्यामुळे ती सोय असलेलाच कॅलिपर निवडा. इथे पैसे वाचवू नका.

मागची चाके आधी जाम झाली, तर ओल्या रस्त्यावर रिकामा ट्रक आडवा फिरतो. म्हणून दाबाचे प्रमाण राखणारा व्हॉल्व्ह बसवून पहिली चाचणी मोकळ्या, सपाट जागी कमी वेगाने घ्या आणि यवतेश्वरच्या उतारावर त्यानंतरच जा.