चिप डिझाइनमध्ये यायचंय ना, मग आधी मेमरी समजून घे

अरे, गोव्यात फर्मागुडीला शिकतोस आणि मशीन लर्निंगच्या चिप बनवायच्यात म्हणतोस, वाचून खूप बरं वाटलं. पण लगेच न्यूरल नेटवर्कच्या कोर्सेसच्या मागे धावू नकोस, आधी डेटा कुठून कुठे जातो ते बघ. गणित स्वस्त असतं रे, डेटा हलवणं महाग. ४५ नॅनोमीटरच्या काळातले आकडे घे, ३२ बिटचा एक फ्लोटिंग पॉइंट गुणाकार साधारण ३.७ पिकोज्यूल ऊर्जा खातो (पिकोज्यूल म्हणजे ज्यूलचा अगदी सूक्ष्म भाग) आणि तेवढाच डेटा चिपबाहेरच्या डीरॅममधून, म्हणजे मुख्य मेमरीतून आणायचा तर ६४० च्या आसपास!

म्हणूनच गूगलच्या पहिल्या टीपीयूत, म्हणजे त्यांच्या मशीन लर्निंगसाठीच्या चिपमध्ये, २५६ बाय २५६, म्हणजे ६५,५३६ छोटे ८ बिटचे गुणाकार युनिट शेजारी शेजारी मांडलेत, कुळागरात पाटाचं पाणी एका आळ्यातून पुढच्या आळ्यात जातं ना, तसा डेटा एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो, दर वेळी मेमरीकडे जावं लागत नाही. याला सिस्टॉलिक अ‍ॅरे म्हणतात, कल्पना १९७८ च्या सुमाराची.

माझ्या पहिल्या नोकरीत मी नुसते युनिट वाढवत बसलो आणि सिम्युलेशनमध्ये बघतो तर निम्मे रिकामे, वेट्स, म्हणजे नेटवर्कने शिकलेले आकडे, मेमरीतून वेळेवर पोचतच नव्हते, तीन आठवडे गेले त्यात.

तू असं कर, व्हेरिलॉगमध्ये, म्हणजे चिपचं डिझाइन लिहायच्या भाषेत, ४ बाय ४ चा अ‍ॅरे लिही, व्हेरिलेटर नावाचा सिम्युलेटर फुकट मिळतो, त्यावर चालव आणि घड्याळाच्या किती सायकल (चिपचे ठोके) वाया जातात ते वहीत मांड. कंपायलर, म्हणजे प्रोग्रामचं चिपला कळणाऱ्या सूचनांत रूपांतर करणारं सॉफ्टवेअर, तेही थोडं शीक, त्याच्याशिवाय चांगली चिपसुद्धा पडून राहते. अडलास तर कोड पाठव, रात्री बघतो.