वाचक विचारतात: स्टीलचे गोळे, डाकारची कुस्ती आणि फ्रेंच न येणारा फ्रेंच चॅम्पियन

या वेळी फ्रेंच बोलणाऱ्या देशांतल्या खेळांवर ढीगभर प्रश्न आलेत. सगळ्यांना पुरणं शक्य नाही, म्हणून मला स्वतःला आवडले तेवढेच घेतलेत, पक्षपात म्हणा हवं तर. एक आधीच सांगतो, फ्रेंच म्हटलं की लोक थेट पॅरिस गाठतात, पण यातली निम्मी मजा पॅरिसपासून हजारो किलोमीटर लांब आहे.

प्रश्न: फ्रान्सच्या एका व्हिडिओत चार म्हातारे झाडाखाली लोखंडी गोळे टाकत होते आणि एक जण वाकून टेपने अंतर मोजत होता. हा खरंच खेळ आहे की नुसता टाइमपास? नियम काय असतात?

उत्तर: टाइमपासही आहे आणि वर्ल्ड चॅम्पियनशिप असलेला खेळही आहे. नाव पेतांक. जन्म दक्षिण फ्रान्समध्ये, मार्सेजवळच्या ला सिओता गावात, साधारण 1907 च्या सुमारास. त्याआधी तिकडे याच्यासारखाच जुना खेळ होता पण त्यात अंतर पंधरा-वीस मीटर आणि गोळा मारताना पावलं टाकत पळायचं, आता सांधेदुखीने बेजार झालेला माणूस पळणार कसा, तर गोष्ट अशी सांगतात की ज्यूल नावाच्या एका चांगल्या खेळाडूची हीच अवस्था झाली, मग मित्रांनी अंतर कमी केलं आणि ठरवलं की कोणीच पळायचं नाही, सगळ्यांनी एका जागी पाय रोवून टाकायचं. झालं, नवीन खेळ तयार!

नियम सोपे आहेत. जमिनीवर एक छोटं वर्तुळ, त्यात उभं राहायचं. आधी एक लाकडी गोटी फेकायची, 30 मिलिमीटरची, तिला कोशोने म्हणतात. ती सहा ते दहा मीटरच्या आत पडली पाहिजे. मग आपापले स्टीलचे गोळे तिच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचे. गोळा आतून पोकळ असतो, वजन 650 ते 800 ग्रॅम. ज्या टीमचा गोळा जवळ नाही तिनेच टाकत राहायचं, जोपर्यंत तिचा जवळ जात नाही किंवा गोळे संपत नाहीत तोपर्यंत. शेवटी समोरच्याच्या सगळ्यात जवळच्या गोळ्यापेक्षा तुमचे जितके गोळे जवळ तितके पॉइंट. 13 झाले की जिंकलात. तो टेपवाला माणूस म्हणूनच वाकला होता, दोन गोळ्यांत मिलिमीटरचा फरक असला की डोळ्यांवर कोण विश्वास ठेवणार, आणि भांडणं तर होतातच.

खरी मजा मात्र मारण्यात आहे. समजा गोटी आठ मीटरवर आहे आणि समोरच्याचा गोळा तिला अगदी चिकटून बसलाय. आता त्याच्याही जवळ आपला टाकणं जवळपास अशक्य. अशा वेळी टीममधला मारणारा पुढे येतो. हाताचा तळवा खाली, गोळा त्याच्या आत, हात मागे जातो आणि गोळा हवेतून थेट त्या गोळ्यावर आदळतो. ठण्ण! समोरचा गोळा उडून जातो आणि मारणाऱ्याचा त्याच जागी बसतो, याला कार्रो म्हणतात, आणि हे जमलं की बघणारे एकदम ओरडतात. म्हातारे लोक खेळतात म्हणून हसू नका, आठ मीटरवरून हे दहापैकी नऊ वेळा जमवायला आयुष्य जातं.

आणि 13-0 ने हरलात तर? मग फानीचं चुंबन घ्यावं लागतं. बऱ्याच क्लबांत फानी नावाच्या बाईचं चित्र किंवा छोटी मूर्ती ठेवलेली असते, पाठमोरी, आणि हरलेल्यांनी गुडघ्यावर बसून तिच्या उघड्या पार्श्वभागाची पप्पी घ्यायची, सगळ्यांसमोर. विनोद नाही करत, खरी परंपरा आहे.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये हा खेळ घ्या म्हणून बरीच खटपट झाली पण नाही घेतला, त्याऐवजी ब्रेकडान्स आला. मला तरी हे पटलं नव्हतं.

प्रश्न: मग पेतांकमध्ये कायम फ्रान्सच जिंकत असेल ना?

उत्तर: बहुतेक वेळा हो, पण आफ्रिकेजवळच्या मादागास्कर बेटाला विसरू नका. 1999 आणि 2016, दोन्ही वर्षी पुरुषांचं वर्ल्ड टायटल त्यांनी नेलं, आणि 2016 चं तर स्वतःच्या घरी, राजधानी अंतानानारिव्होमध्ये. फ्रेंच लोक राज्य करायला गेले, सोबत गोळे नेले, आणि आता त्याच गोळ्यांनी त्यांनाच हरवतात हे! त्याआधी मोरोक्को आणि ट्युनिशिया पण जिंकलेत. वस्तादाची विद्या वस्तादालाच दाखवली म्हणतात ती ही.

प्रश्न: पॅरिसच्या फ्रेंच ओपन टेनिस स्पर्धेला रोलां गारोस म्हणतात, तर हा कोणता टेनिसपटू? त्याच्या मॅचेस कुठेच सापडत नाहीत.

उत्तर: सापडणार नाहीत, कारण तो वैमानिक होता! जन्म हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावरचा. 1913 मध्ये न थांबता विमानाने भूमध्य समुद्र ओलांडणारा पहिला माणूस, फ्रान्सच्या किनाऱ्यावरून निघून ट्युनिशियात उतरला. 1918 मध्ये लढाईत विमान पडून गेला, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. 1928 मध्ये डेव्हिस कप या टेनिस स्पर्धेसाठी पॅरिसमध्ये स्टेडियम बांधलं तेव्हा त्याचं नाव दिलं. एवढंच.

प्रश्न: सेनेगलमध्ये कुस्ती फुटबॉलपेक्षा मोठी आहे असं ऐकलं. कुस्तीगीर अंगावर दूध ओततात ते काय?

उत्तर: फुटबॉलपेक्षा मोठी की नाही यावर राजधानी डाकारमध्ये मारामारी होईल म्हणून तो भाग सोडतो. पण मोठी आहे, प्रचंड. तिकडच्या वोलोफ भाषेत तिला लाम्ब म्हणतात. मुळात गावाकडचा खेळ, पीक कापून झालं की शेरेर आणि जोला लोकांच्या गावांत पोरं भिडायची. शहरात आल्यावर त्यात बुक्के आले. म्हणजे आता दोन प्रकार आहेत, एक साधी धरपकडीची कुस्ती, आणि दुसरी जिच्यात उघड्या मुठीने तोंडावर मारायची परवानगी असते, ना ग्लोव्ह ना काही. स्टेडियम भरतं ते या दुसऱ्या प्रकारासाठी.

हरायचं कसं, तर पाठ टेकली, बूड टेकलं, किंवा दोन्ही हात आणि दोन्ही गुडघे एकदम जमिनीला लागले की खेळ खल्लास. त्यामुळे कुस्ती कधीकधी दहा-पंधरा सेकंदांतच आटपते. पण त्याच्या आधीचा कार्यक्रम दुपारभर चालतो आणि मला विचाराल तर बघण्यासारखं तेच आहे. ढोल वाजत असतात, कुस्तीगीर वाळूत गोल गोल नाचत फिरतो, स्वतःचीच स्तुती करणारं कवन म्हणतो, मी अमक्याला पाडलं तमक्याला पाडलं आणि आज तुझी पाळी. दंडाला, कमरेला, पायाला ताईत बांधलेले, त्यांना ग्रीग्री म्हणतात. मागे सोबतची माणसं बाटल्या घेऊन उभी, त्यातलं पाणी, दूध आणि काय काय मिसळलेलं तो डोक्यावरून ओतून घेतो. हे सगळं ठरवून देतो त्याचा माराबू, म्हणजे धार्मिक गुरू, समोरच्याची नजर आणि करणी आपल्याला लागू नये म्हणून. मोठ्या कुस्तीगीराच्या टीममध्ये कोच जितका महत्त्वाचा तितकाच माराबू, काही जण म्हणतील जास्तच.

पैसा पण आला, 1990 च्या दशकात टायसन नावाने लढणाऱ्या मोहम्मद न्दाओने हा खेळ पार बदलून टाकला, अंगावर अमेरिकन झेंडा गुंडाळून यायचा, आणि मग बड्या कुस्तीगीरांना एकेका लढतीचे दहा कोटी सीएफए फ्रँक (तिकडचं चलन) आणि त्याहून जास्त मिळायला लागले. पोरांना वाटतं गरिबीतून बाहेर पडायचा हाच रस्ता, आणि जिममध्ये घाम गाळणाऱ्या हजारोंपैकी मूठभरच तिथपर्यंत पोचतात, ही दुसरी बाजू पण आहे. येकिनी नावाचा एक होता, वर्षानुवर्षं कोणी त्याला पाडू शकलं नाही, शेवटी एप्रिल 2012 मध्ये बल्ला गाये 2 ने पाडलं तेव्हा एका युगाचा शेवट झाल्यासारखं लोक बोलत होते. 2018 पासून डाकारजवळ पिकीनला कुस्तीसाठी खास नॅशनल अरीना आहे, चीनने बांधून दिलेला.

प्रश्न: फ्रेंच न येणारा माणूस फ्रेंच स्क्रॅबलचा वर्ल्ड चॅम्पियन झाला ही अफवा आहे का?

उत्तर: अफवा नाही, खरं आहे. स्क्रॅबल म्हणजे हातातली अक्षरं बोर्डावर मांडून शब्द बनवायचा खेळ. न्यूझीलंडचा नायजेल रिचर्ड्स. 2015 मध्ये बेल्जियममधल्या लूव्हँ-ला-नव्हला झालेली फ्रेंच स्क्रॅबलची वर्ल्ड चॅम्पियनशिप त्याने जिंकली, फायनलमध्ये आफ्रिकेतल्या गॅबन देशाच्या खेळाडूला हरवून. तयारी किती, तर साधारण नऊ आठवडे. फ्रेंच स्क्रॅबलच्या डिक्शनरीत पावणेचार लाखांच्या वर शब्द, कारण क्रियापदाचं प्रत्येक रूप वेगळा शब्द धरतात, आणि हा गडी अर्थाच्या भानगडीत न पडता नुसत्या अक्षरांच्या रांगा पाठ करून आला. 2018 ला परत जिंकला, आणि 2024 ला स्पॅनिशमध्ये पण जिंकला, ती भाषाही न बोलता.

पण एक गोष्ट लोक सांगत नाहीत. फ्रेंच जगात स्क्रॅबलचा जास्त चालणारा प्रकार वेगळाच आहे, डुप्लिकेट. 1970 च्या दशकात बेल्जियमच्या इपोलित वूटर्स यांनी तो रुजवला. त्यात हॉलमधल्या सगळ्यांना तीच सात अक्षरं एकाच वेळी, प्रत्येकाने आपली सगळ्यात भारी चाल कागदावर लिहून द्यायची, मग सर्वात जास्त पॉइंटची चाल सगळ्यांच्या बोर्डावर मांडायची आणि पुढची अक्षरं. म्हणजे "मला चांगली अक्षरं आली नाहीत" ही रड बंद. शेकडो लोक एका हॉलमध्ये गप्प बसून एकच डाव खेळतायत, मला तर हा प्रकार साध्या स्क्रॅबलपेक्षा जास्त प्रामाणिक वाटतो.

प्रश्न: कॉमनवेल्थ गेम्ससारखं फ्रेंचवाल्यांचं काही असतं का?

उत्तर: असतं. ज्य द ला फ्रँकोफोनी, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या देशांचे खेळ. पहिले 1989 ला मोरोक्कोत, नववे 2023 ला काँगोची राजधानी किन्शासात झाले, खरं तर ते 2021 ला होते पण लांबले. याची खासियत अशी की मेडल फक्त पळण्या-उडण्याला नाही, गाणं, गोष्ट सांगणं, चित्रकला, हिपहॉप डान्स याला पण मिळतं. आणि कॅनडा तीन टीम पाठवतो, कॅनडा वेगळा, आणि त्याचेच दोन प्रांत, क्युबेक वेगळं, न्यू ब्रन्सविक वेगळं! बेल्जियमचाही फक्त फ्रेंच बोलणारा भागच येतो. खेळाचा दर्जा ऑलिंपिकच्या जवळपास नसतो हे खरं, फ्रान्स आपले टॉपचे खेळाडू क्वचितच पाठवतो, पण आफ्रिकेतल्या तरुण पोरांना मोठं स्टेज मिळतं.

प्रश्न: क्युबेकवाले (कॅनडाचा फ्रेंच बोलणारा प्रांत) बर्फावरच्या हॉकीसाठी एवढे वेडे का? दंगल झाली होती म्हणे.

उत्तर: झाली होती, 17 मार्च 1955 ला, मॉन्ट्रियलमध्ये. मोरिस रिशार हा तिथल्या फ्रेंच बोलणाऱ्यांचा हिरो, 9 नंबरची जर्सी, एका सीझनमध्ये 50 मॅचेसमध्ये 50 गोल करणारा पहिला. बॉस्टनमधल्या मॅचमध्ये मारामारी झाली, त्याने लाइन्समनला, म्हणजे मैदानावरच्या पंचाला मारलं, तर लीगचे अध्यक्ष क्लॅरेन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या पूर्ण सीझनसाठी बाहेर काढलं, प्लेऑफसकट, म्हणजे शेवटच्या बाद फेऱ्यांसकट. आता त्या काळात मॉन्ट्रियलमध्ये मालक इंग्रजी बोलणारे आणि कामगार फ्रेंच बोलणारे अशीच साधारण स्थिती, त्यामुळे लोकांना ही शिक्षा एका खेळाडूला नाही तर आपल्या सगळ्यांना दिल्यासारखी वाटली. त्यात कॅम्पबेल साहेब पुढच्या मॅचला स्वतः येऊन बसले! अंडी, टोमॅटो, मग अश्रुधुराचं नळकांडं, मॅच थांबवून समोरच्या टीमला बहाल, आणि बाहेर सेंट-कॅथरीन रस्त्यावर दुकानं फुटली. दुसऱ्या दिवशी रिशारने स्वतः रेडिओवर येऊन शांत राहा सांगितलं तेव्हा कुठे थंड झालं. पुढच्या वर्षापासून त्याच्या टीमने, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सने, लागोपाठ पाच वेळा स्टॅनली कप, म्हणजे लीगची ट्रॉफी जिंकली.

प्रश्न: मी फ्रेंच शिकतेय. कोणता खेळ बघितला तर कान तयार होतील?

उत्तर: ताई, टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत फ्रेंच कॉमेंट्रीत लावा. सपाट रस्त्याच्या दिवशी तास न् तास काहीच घडत नाही, मग कॉमेंटेटर हेलिकॉप्टरमधून दिसणारे किल्ले, चर्च, नद्या यांच्याबद्दल निवांत बोलत बसतात, तुमच्यासाठी सोन्यासारखं. डोंगराच्या दिवशी मात्र एखादा सायकलपटू अचानक जोर लावून पुढे निघाला की ते किंचाळायला लागतात, तेव्हा काही कळलं नाही तरी वाईट वाटून घेऊ नका. नंतर आफ्रिकेतले वेगवेगळे उच्चार कानावर पडायला आरएफआय या फ्रान्सच्या आंतरराष्ट्रीय रेडिओवरचा फुटबॉलचा कार्यक्रम ऐका, रादिओ फूट आंतेरनास्योनाल, त्यात सगळे एकमेकांना तोडून बोलतात, तेवढं समजायला लागलं की परीक्षेचा ऑडिओ सोपा वाटेल.