कॉलमांची यादी कुठं मागायची?

प्रश्न : मी निपाणीतल्या एका सौहार्द सहकारी सोसायटीत संगणकाचं काम बघते. सभासदांचा डेटा मायएसक्यूएल या डेटाबेसमधून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर न्यायचाय. टेबलात कुठले कॉलम आहेत हे बघायला ‘डिस्क्राइब’ लिहायची सवय. पोस्टग्रेस त्यावर सिंटॅक्स एरर देतं. दर डेटाबेसची वेगळी कमांड पाठ करायची का?
— एक वाचक

उत्तर : ताई, पाठ कशाला? पोस्टग्रेसच्या पीएसक्यूएल या कमांड लिहायच्या प्रोग्राममध्ये बॅकस्लॅश, डी आणि टेबलाचं नाव दिलं की कॉलम दिसतात. पण ती सोय त्या प्रोग्रामापुरती. पीएचपीच्या कोडमधून पाठवली तर सर्व्हर ओळखणार नाही.

दोन्हीकडे चालतो तो ‘इन्फर्मेशन स्कीमा’, म्हणजे डेटाबेसनं स्वतःच्याच टेबलांची आणि कॉलमांची ठेवलेली नोंद. त्यातल्या ‘कॉलम्स’वर साधं सिलेक्ट लावा, अटीत ‘टेबल नेम’ द्या आणि ‘ऑर्डिनल पोझिशन’नं, म्हणजे कॉलमांच्या क्रमानं, ऑर्डर बाय करा (शब्दांमध्ये अंडरस्कोअर). ‘टेबल स्कीमा’ची अटही घालाच. मार्चअखेरीला अख्ख्या डेटाबेसची कॉपी काढून ‘जुना’, ‘जुना दोन’ अशी नावं ठेवायची आपल्याकडे खोडच आहे. अट नसली तर मायएसक्यूएल सगळ्या कॉप्यांमधल्या ‘सभासद’ टेबलांचे कॉलम एकदम पुढ्यात टाकतं, आणि ‘खाते क्रमांक’ हा एकच कॉलम चारदा बघून डोकं फिरतं.

पोस्टग्रेसची तऱ्हा निराळी. अवतरणचिन्हांशिवाय टेबल बनवलं की नावातली कॅपिटल अक्षरं ते स्मॉल करून ठेवतं. अटीत तुम्ही ‘सभासद’चा एस कॅपिटल लिहिलात तर एररसुद्धा येत नाही, नुसत्या शून्य ओळी! टेबलच उडालं की काय, असं वाटून पोटात गोळा येतो.

बाकीच्या डेटाबेसांपैकी एसक्यूएल सर्व्हरवरही इन्फर्मेशन स्कीमा आहे. ओरॅकलनं मात्र तो घेतलाच नाही. तिथं ‘यूझर टॅब कॉलम्स’, आणि नाव बहुधा कॅपिटलमध्ये. एसक्यूलाइटला ‘प्राग्मा टेबल इन्फो’.

तुमच्याकडे सभासदांची नावं मराठी आणि कन्नड दोन्हींत असणार. म्हणून मायएसक्यूएलमध्ये यादी काढतानाच ‘कॅरेक्टर सेट नेम’ही, म्हणजे अक्षरं कुठल्या पद्धतीनं साठवलीत तेही, मागा. तिथं ‘लॅटिन वन’ (यात मराठी-कन्नड अक्षरं बसत नाहीत) दिसलं आणि स्क्रीनवर नावं मात्र नीट दिसत असली, तर सावध व्हा. आधी थोड्या ओळी पोस्टग्रेसवर नेऊन कन्नड वाचणाऱ्या सहकाऱ्याला शेजारी बसवा, नावं वाचून घ्या, मगच बाकीचा डेटा हलवा.