सीलबंद पाकीट कोणाच्या हाती द्यावे?

प्रश्न : माझे यजमान अमेरिकेचे नागरिक असून, त्यांच्या अर्जावरून मला स्थलांतरित व्हिसा मिळाला आहे. मी मुंबईहून एकटीच निघणार आहे. तिकडच्या विमानतळावर काय होते?
– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : पासपोर्टासोबत सीलबंद पाकीट मिळाले असेल, तर घरात कोणी कितीही आग्रह केला तरी ते फोडू नका; अमेरिकेत ज्या विमानतळावर प्रथम उतराल तेथील अधिकाऱ्याकडेच ते द्यायचे असते, म्हणून हातातल्या पिशवीत ठेवा. (कागदपत्रे ऑनलाइन गेली असतील, तर पाकीट मिळतच नाही.) अधिकारी बोटांचे ठसे घेतात, दोनचार प्रश्न विचारतात आणि शिक्का मारतात. असा शिक्का मारलेला व्हिसाच वर्षभर ग्रीन कार्डाचे काम करतो. प्रत्यक्ष कार्डासाठीचे शुल्क मात्र निघण्यापूर्वीच ऑनलाइन भरलेले बरे. प्रवेशाच्या दिवशी लग्नाला २ वर्षे पूर्ण झाली नसतील, तर कार्ड सशर्त, म्हणजे २ वर्षांचेच मिळते आणि मुदतीआधीच्या ९० दिवसांत पती-पत्नींना अट काढण्यासाठी एकत्र अर्ज करावा लागतो; ही तारीख आजच लिहून ठेवा. कांदा-लसूण मसाला नेणारच असाल, तर विचारण्याची वाट न पाहता तो जाहीर करा. मटणाचे लोणचे मात्र नेऊ नका.