घराच्या सजावटीची आवड स्वभावावरून ठरते का?

आपण विचारले आहे की, आपल्याला मोकळ्या भिंती बऱ्या वाटतात आणि पत्नीला त्या चित्रांनी भरलेल्या हव्या असतात, तर हा निव्वळ आवडीचा फरक आहे की स्वभावाचा. माझ्या मते यात स्वभावाचा वाटा निश्चित आहे. मात्र लोक तो जिथे शोधतात, म्हणजे रंगांत, तिथे तो फारसा सापडत नाही. ‘निळा आवडणारा शांत, लाल आवडणारा तापट’ या धर्तीच्या तक्त्यांवर माझा विश्वास नाही.

मानसशास्त्रज्ञ सॅम गॉस्लिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात निरीक्षकांना अनोळखी व्यक्तींच्या ९४ कामाच्या खोल्या आणि ८३ झोपण्याच्या खोल्या दाखवून, तिथे वावरणाऱ्यांच्या स्वभावाचा अंदाज करायला सांगितले होते. सर्वांत चांगला अंदाज आला तो नव्या अनुभवांविषयीच्या ओढीचा, आणि शिस्तप्रियताही बऱ्यापैकी ओळखता आली; माणूस मनमिळाऊ आहे की नाही, हे मात्र खोलीवरून फारसे कळले नाही. या संशोधकांनी केलेला एक भेद मला फार उपयोगी वाटतो: काही वस्तू आपण मुद्दाम मांडतो, कारण आपण कसे आहोत हे त्यांतून स्वतःला किंवा इतरांना सांगायचे असते, तर काही खुणा आपल्या रोजच्या वागण्यातून नकळत मागे राहतात.

घर सजवताना फसगत होते ती या दोहोंची गल्लत झाल्यामुळे. मी स्वतः हौसेने बिनदाराची फडताळे करून घेतली, कारण निवडक वस्तू नेटक्या ठेवणारा माणूस ही स्वतःची प्रतिमा मला आवडत होती. प्रत्यक्षात हातातली वस्तू दिसेल त्या जागी टेकवणे हा माझा स्वभाव असल्याने काही महिन्यांतच तिथे कागद, वायरी आणि औषधांच्या पट्ट्यांचा ढीग साचला. अखेर सुताराला बोलावून दारे बसवून घेतली. (तो हसला नाही, हा त्याचा मोठेपणा.)

आपण आणि आपली पत्नी यांच्यातला फरक बहुधा डोळ्यांसमोर किती गोष्टी सोसतात याचा असावा. काहींना भरलेल्या भिंतीसमोर बसल्यावर विचार विस्कटल्यासारखे वाटतात, तर काहींना रिकामी भिंत ओकीबोकी वाटते, आणि यांत कोणाचीच अभिरुची कमी प्रतीची नसते. बैठकीचेही असेच आहे: माणसांत रमणारा खुर्च्या समोरासमोर मांडतो, एकांतप्रिय माणूस खिडकीपाशी एकच खुर्ची ओढून घेतो. अर्थात भाड्याचे घर, लहान मुले, वडिलोपार्जित फर्निचर यांमुळे स्वभावाला बरीच मुरड घालावी लागते, म्हणून दुसऱ्याच्या घरावरून निष्कर्ष जपून काढावेत.

आपल्या बाबतीत मी भिंती वाटून घ्यायला सुचवीन. आपण ज्या खुर्चीत रोज बसता तिच्या समोरची भिंत मोकळी ठेवावी आणि पाठीमागची पत्नीच्या चित्रांना द्यावी. दिव्यांबाबतही मतभेद असतील तर खोलीत एकच मोठा दिवा ठेवू नये. वेगवेगळ्या बटणांवर २७०० केल्विनचा (केल्विन म्हणजे प्रकाशाच्या रंगछटेचे माप) पिवळसर आणि ४००० केल्विनचा पांढरा असे दोन्ही प्रकाश ठेवता येतात, आणि त्या वेळी खोलीत जो असेल त्याने आपले बटण दाबावे.