दिवसभर बोलणारा माणूस गप्प का झाला?

"ताई, मी परत यावं का?" मी समुपदेशनाचं काम करते, आणि परदेशात दहा-बारा वर्षं काढलेल्या माणसांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो. पुष्कळदा तो घरचे विचारतात. "आमचा मुलगा तिकडे बरं कमावतो, पण हल्ली फोनवर बोलतच नाही. बोलावून घ्यावं का त्याला?" यावर थेट हो किंवा नाही म्हणण्याआधी मला एका शिक्षकाबद्दल सांगायचं आहे. त्यांची परवानगी घेतली आहे, ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत आणि नावाऐवजी मी त्यांना नुसतं 'सर' म्हणते.

सर 42 वर्षांचे, सांगलीकडचे. इंग्रजीत एम.ए., नंतर बी.एड. इथल्या एका विनाअनुदानित शाळेत तीन वर्षं जवळजवळ बिनपगारी राबले आणि मग मित्राच्या ओळखीने थायलंडला गेले, ईशान्येकडच्या एका माध्यमिक शाळेत इंग्रजी शिकवायला. "दोन वर्षं जाऊन येतो," असं आईला सांगून गेले होते. त्याला 11 वर्षं झाली.

बहिणीने त्यांना माझ्याशी जोडून दिलं. दर रविवारी संध्याकाळी आम्ही ऑनलाइन भेटायचो, आपल्याकडे सहा वाजता, त्यांच्याकडे साडेसातला. पहिल्याच दिवशी म्हणाले, "मला तसं काही झालेलं नाही. झोप लागत नाही आणि रविवार अंगावर येतो, एवढंच." किती दिवस? सात-आठ महिने. शनिवारी रात्री खोलीत एकटं बसून पिणंही वाढलं होतं. जीव संपवण्याचा विचार येतो का, हे मी स्पष्ट शब्दांत विचारलं. असं विचारलं तर नसलेला विचार डोक्यात भरतो, अशी भीती लोकांना वाटते. ती खरी नाही. विचारल्याने बोलायला वाट मिळते. सर थोडं थांबून म्हणाले, "मरावंसं नाही वाटत. पण सकाळी जाग आली नाही तर बरं, असं दोन-तीनदा वाटलं." हे वाक्य मी कधीच हलक्यात घेत नाही. त्याच आठवड्यात त्यांना तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं आणि रात्री-अपरात्री कुणाला फोन करायचा, ती दोन नावं कागदावर लिहून घ्यायला लावली. औषध सुरू झालं. आमचं बोलणं त्याच्या जोडीने चालू राहिलं.

तिसऱ्या भेटीत एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. "आई हल्ली नीट जेवत नाही," असं सांगताना त्यांची पाच बोटं जुळली आणि हात तोंडाशी गेला, घास घेतल्यासारखा. "रात्री झोपत नाही," म्हणताना तळहात गालाखाली गेला. वाक्य चार-पाच शब्दांच्या पुढे जात नव्हतं, आणि प्रत्येक वाक्यानंतर ते माझ्याकडे बघत होते, कळलं का म्हणून. मी म्हटलं, "सर, मला मराठी येतं. तुम्ही खुणा करताय." त्यांनी स्वतःच्या हाताकडे पाहिलं. मग बराच वेळ बोलले नाहीत. कॅमेरा बंद केला, पण रडण्याचा आवाज येत होता.

त्यांच्या दुखण्याचा गाभा मला तिथे सापडला. चाळीस-पंचेचाळीस मुलांच्या वर्गात ते दिवसभर इंग्रजी बोलतात, पण ते इंग्रजी सोलून सोलून बारीक केलेलं. "ओपन युवर बुक. रिपीट आफ्टर मी. व्हेरी गुड." ज्या माणसाने एम.ए.ला शेक्सपिअरवर पानंच्या पानं लिहिली, त्याच्या तोंडी वर्षानुवर्षं एवढंच. थाई येते ती बाजारापुरती, म्हणजे भाजी, भाडं आणि रस्ता. आणि मराठी उरली ती आईच्या फोनपुरती. "जेवलास का? हो. पाऊस आहे का? आहे. बरं ठेवते." तिन्ही भाषांमध्ये मिळूनही त्यांचं एक पूर्ण वाक्य, पोटतिडकीचं, आडवळणाचं, वाद घालणारं, ऐकणारं माणूस नव्हतं. भाषेच्या शिक्षकाची भाषेवाचून उपासमार होते हे बाहेरून कुणाला दिसत नाही, कारण तो सतत बोलताना दिसतो.

परदेशी गेल्यावर पहिल्या वर्षी बसणारा धक्का आता सगळ्यांना ठाऊक आहे. 'कल्चर शॉक' हा शब्द कालेर्वो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने 1950 च्या दशकात रूढ केला, आणि काही महिन्यांत माणूस रुळतो असंच आपण धरून चालतो. सरही रुळले होते. त्यांचा त्रास रुळल्यानंतरचा होता. त्यांचा व्हिसा वर्षावर्षाने वाढतो, दर 90 दिवसांनी पत्त्याची नोंद इमिग्रेशनला द्यावी लागते, आणि शाळेचा करारही वर्षाचाच. मी विचारलं, "खोलीत काय काय आहे?" तर 11 वर्षांत त्यांनी कपाट घेतलेलं नव्हतं. कपडे अजून बॅगेतच. "जायचंच आहे ना," म्हणाले. दरवर्षी मार्चमध्ये कराराचा कागद पुढे आला की सही करायची, आणि सही केली म्हणजे ठरलं असं मानायचं. खरं तर ठरवलं कधीच नव्हतं.

त्यात एक बोचणी होती, जी ते बहिणीलाही सांगू शकले नव्हते. त्यांना इंग्रजी येतं याचा पुरावा म्हणून परीक्षेचं प्रमाणपत्र द्यावं लागलं. बाजूच्या वर्गातल्या, नुकतीच पदवी घेतलेल्या गोऱ्या मुलाला ते कुणी मागितलं नाही. त्याचा पगार जास्त, आणि पालकसभेच्या फोटोत पुढे उभा तोच. 'नेटिव्ह स्पीकर', म्हणजे जन्मापासून इंग्रजी बोलणारा, या दोन शब्दांनी माणूस रोज थोडा थोडा झिजतो. मी त्यांना "मनावर घेऊ नका" म्हटलं नाही. हा अन्याय आहे आणि तुम्हाला राग येणं योग्य आहे, एवढंच म्हटलं. तो राग ते स्वतःवर काढत होते, 'आपणच कमी पडलो' म्हणून.

आणि वडील. 2021 च्या मे महिन्यात ते गेले. आपल्याकडची नियमित आंतरराष्ट्रीय विमानं मार्च 2020 पासून बंद होती, ती थेट मार्च 2022 मध्ये सुरू झाली. सरांनी अंत्यविधी मोबाईलवर पाहिला. मध्येच रेंज गेली. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे ऑनलाइन तास घेतला, कारण शाळेत सांगावं असं कुणी नव्हतं. पुढे घरी गेले तेव्हा सगळ्यांचं रडून झालेलं होतं. आईने त्यांच्यासाठी कपाटातून नवा टॉवेल काढला, पाहुण्यांसाठी ठेवलेला. हे सांगताना सरांचा आवाज फाटला. "ताई, मी घरचा टॉवेल मागितला नाही. मला मागताच आला नाही."

पॉलिन बॉस या अमेरिकन अभ्यासक बाईंनी अशा दुःखाला नाव दिलं आहे, 'अँबिग्युअस लॉस', म्हणजे धूसर गमावणं. माणूस किंवा घर धड गेलेलंही नसतं आणि धड आपलंही राहिलेलं नसतं. या गमावण्याला तेरावा नसतो, म्हणून ते संपत नाही.

आम्ही काय केलं? वडिलांना पत्र लिहायला सांगितलं, मराठीत, हाताने. तीन आठवडे काहीच झालं नाही. चौथ्या रविवारी दीड पान वाचून दाखवलं. मध्ये एका शब्दाशी अडले. दुपारी घरी कुणी नसताना पोटात जे होतं त्याला काय म्हणतात, विचारलं. मी सांगणार होते, पण थांबले. मिनिटभराने ते स्वतःच म्हणाले, "हुरहूर." त्या दिवसापासून वाक्यं लांबत गेली.

मग आम्ही दोन प्रश्न वेगळे केले. या वर्षी सही करायची का हा एक, आणि आयुष्य कुठे काढायचं हा दुसरा. दुसऱ्याला दसऱ्याची मुदत घातली. पैशाचा हिशोब मांडला, कारण तो न मांडता भावनांवर बोलत राहणं ही फसवणूक ठरते. त्यांच्या हाताशी प्रॉव्हिडंट फंड नाही, इथल्या शिक्षकभरतीची वयोमर्यादा उलटलेली. परतायचं तर शिकवणी किंवा खासगी संस्था, पगार निम्मा. हे आकडे कागदावर आले तेव्हा भीती कमी झाली, कारण निदान तिची लांबी-रुंदी दिसली. तिथे राहायचं असेल तोवर थाई लिहा-वाचायला शिका, असा मी आग्रह धरला. गावातल्या एका निवृत्त शिक्षिकेकडे ते आता आठवड्यातून दोनदा जातात. आणि जुन्या वर्गमित्राशी बुधवारी तासभर बोलायचं, खुशालीवर नाही, तर एखाद्या विषयावर, भांडण झालं तरी चालेल.

घरच्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रत्येक फोनला "कधी येणार?" विचारू नका. त्याच्या तोंडाशी उत्तर नसतं, म्हणून तो फोन टाळतो. "आज वर्गात काय झालं?" विचारा आणि लांबलचक उत्तर ऐकायची तयारी ठेवा. "तिकडे मजा आहे तुझी" म्हणू नका. दोन आठवड्यांपेक्षा जास्त झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, एकट्याने पिणं वाढलं असेल किंवा जगण्यात रस नाही असं बोलणं आलं, तर परत बोलावण्याची चर्चा नंतर. आधी डॉक्टर.

सरांनी या मार्चमध्ये पुन्हा सही केली. फरक इतकाच, की सही करण्याआधी आईला फोन करून एक वर्षासाठी का राहतोय ते समजावून सांगितलं. तो फोन 50 मिनिटं चालला. कपाटही घेतलं, दोन दारांचं, जुन्या बाजारातून. दसऱ्याला काय ठरेल ते मला माहीत नाही, त्यांनाही नाही.

जूनमधल्या एका आठवड्यात भेटीचा दिवस बदलावा लागला. त्यांच्या शाळेत 'वाय क्रू' होतं, गुरूंना वंदन करण्याचा दिवस. तो बहुधा गुरुवारीच धरतात. मुलं गुडघ्यांवर येऊन शिक्षकांना फुलं देतात, त्यात वांग्याची फुलं आणि दुर्वाही असतात. थाईतला 'क्रू' म्हणजे आपला गुरूच. सरांनी दुर्वांचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, "11 वर्षं बघतोय, पण या आपल्या दुर्वा आहेत हे कुणाला सांगितलंच नव्हतं. आज नववीच्या वर्गाला सांगितलं. थाईत. दोन चुका झाल्या."